कुंपणाबाहेरची ऑर्फा

ऑर्फाबद्दल घरात एकच गोष्ट सांगितली जायची. नवऱ्याला आणि चार लेकरांना टाकून ती टेनेसीला माहेरी निघून गेली, ती परत आलीच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांतली गोष्ट. सांगणारे सांगताना हलकेच हसायचे. ऑर्फा वर्नाची खापरपणजी. वर्नाला ते हसू लहानपणापासून खुपायचं.

वर्नानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. मिसुरीच्या त्या डोंगराळ भागातला एकूण एक कच्चा रस्ता तिला पाठ. नोकरी संपल्यावर तिनं ऑर्फाचा शोध सुरू केला. गावचं कोर्ट कधीच जळून गेलं होतं, जुने कागद त्याच्याबरोबर. चर्चमागच्या दफनभूमीत खापरपणजोबा जोसाया टॅकेटची कबर होती. शेजारी दुसऱ्या बायकोची. ऑर्फाचं नाव कुठंच नव्हतं.

"सापडायची नाही ती," हार्लन टॅकेट म्हणायचा. हा तिचा दूरचा भाऊ. "पळून गेलेल्या बाईची कबर सासरी कशी असेल?"

"तुझीही खापरपणजीच आहे ती."

"म्हणून तर सांगतो. आम्हा टॅकेटांकडून बायका पळतातच. माझी पहिली आठव."

दफनभूमीचं गवत हार्लन कापायचा. त्याच्याआधी त्याचे वडील कापायचे. मेच्या तिसऱ्या रविवारी सगळे नातेवाईक कबरींवर फुलं ठेवायला जमत, मग ओकच्या झाडांखाली जेवणं होत. त्या दिवशी गवताची एक काडी जरी उभी दिसली, तरी हार्लनला आपली अब्रू गेल्यासारखं वाटे. एप्रिल लागला की कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं सगळं तो भुईसपाट करून टाकायचा.

एका वर्षी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कापणी लांबली. वर्ना सहज बघायला गेली. कुंपणाबाहेर, सीडरच्या झाडाजवळ, जमिनीतून लालसर कोंब वर आले होते. बोटांसारखे. ती खाली बसली.

ते कोंब ती ओळखत होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली दर वसंतात तेच यायचे. पिओनीचे, मोठ्या भरगच्च फुलांच्या झाडाचे. मुलगी लग्न होऊन निघाली की आईच्या वाफ्यातला एक कंद बरोबर न्यायची. वर्नाला तिच्या आईनं दिला, आईला आजीनं, आजीला पणजी मलिंडानं. मलिंडा ही ऑर्फाची थोरली. पहिला कंद ऑर्फानं बैलगाडीतून टेनेसीहून आणला होता, एवढं तरी घरात सगळे कबूल करत.

पण इथं ना कधी घर होतं, ना अंगण. मग पिओनी कुणी लावली?

वर्नानं हातानं माती उकरली. एक ओबडधोबड दगड लागला. पूर्वेला थोड्या अंतरावर दुसरा, लहान. डोक्याशी एक, पायाशी एक. गरिबाची कबर तेव्हा अशीच असायची. मात्र कुणाची, ते दगडावर लिहिलेलं नव्हतं. ते फुलाच्या रंगावरून कळलं असतं. आसपासच्या सगळ्या घरांत पिओनी गुलाबी किंवा पांढरी. ऑर्फाची तेवढी गडद लाल, जवळजवळ काळी.

तिनं चार खुंट्या ठोकून दोरी बांधली.

"हे काय मांडलंयस?" हार्लन कुबडी टेकत आला.

"इथं कापायचं नाही."

"लोक म्हणतील हार्लन म्हातारा झाला."

"झालायसच."

तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. पण दोरी त्यानं काढली नाही.

त्या मे महिन्यात नुसती पानं आली. दरवर्षी कापलेल्या झाडाच्या मुळात बळ कुठून असणार? पुढच्या वर्षी एक कळी आली आणि सुकली. जमलेल्या मंडळींना आयता विषय मिळाला.

"वर्नाआत्या, यंदा फुलं गवतालाच वाहायची का?" भाची ट्रिशानं तळलेल्या कोंबडीची तंगडी चघळत विचारलं.

"तोंडातलं संपव आधी," वर्ना म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. गुलाबी निघालं तर? की काहीच नाही निघालं तर? मग ते हसू आणखी शंभर वर्षं चालणार.

त्या उन्हाळ्यात नेहमीचा पाऊसही पडला नाही. एका सकाळी पाण्याचा डबा घेऊन ती गेली, तर दोरीच्या आतली माती आधीच ओली होती. अजून न सुटलेल्या कुबडीचे ठसे उमटले होते. तिनं हार्लनजवळ विषय काढला नाही. त्यानंही नाही.

तिसऱ्या वर्षी फुलांच्या रविवारच्या दोन दिवस आधी त्याचा फोन आला.

"ये जरा."

"काय झालं?"

"मुंग्या लागल्यात कळीला, उमलताना लागतात तशा. आणि कळी उघडतेय. रंग मी नाही सांगणार. तू ये."

ती घरातल्या चपलांवरच निघाली. जाताना खिडकीखालचं एक फूल खुडून घेतलं. सीडरपाशी पोहोचल्यावर तिनं ते त्या फुलाशेजारी धरलं. दोन्हींतलं कुठलं कुठलं, ओळखू येत नव्हतं.

हार्लननं टोपी काढली.

"गेली नव्हती कुठंच," वर्ना म्हणाली. "मलिंडानं आईपाशी आईचंच झाड लावलं."

"आणि मी तीस वर्षं खापरपणजीच्या डोक्यावरून मशीन फिरवलं."

"केस कापत होतास असं समज."

तो इतका हसला की कुबडी हातातून निसटली. मग डोळे पुसले, आणि ते हसून आलेलं पाणी असल्याचं वर्नाला दोनदा सांगितलं.

रविवारी जो येईल त्याला तो आधी कुंपणाबाहेर नेत होता. जोसायाकडे त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. म्हाताऱ्यांनी वाकून वास घेतला. कुणीतरी दगडावरची माती झाडली. ऑर्फा पळून गेल्याची गोष्ट कुणीच काढली नाही.

रुबार्बची गोड पाई कापताना ट्रिशा वर्नाजवळ सरकली. "ऑक्टोबरात माझं लग्न आहे, आत्या. मला कंद कुठला देशील? हिचा?"

"माझ्या खिडकीखालचा. हिला आता कुणी हात लावायचा नाही."

वर्नानं दुसऱ्यांदा बटाट्याची कोशिंबीर वाढून घेतली. समोर हार्लन कुंपणाबाहेर पावलं मोजत होता. खांब कुठवर सरकवावे लागतील, ते पाहत.