चिलीम कोणाची

बालगुन्हेगारी आणि मुलांची व्यसनं या विषयावर मी पुढे वीसेक वर्षं काम केलं. पण अगदी पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एका पोरीचं वाटोळं होता होता राहिलं, ते आठवलं की अजूनही हुश्श होतं.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी साताऱ्याकडची. प्रबंधासाठी अमरावतीच्या रिमांड होममध्ये मुलींच्या मुलाखती घ्यायची आणि राजापेठेत एका खोलीत भाड्याने राहायची. रिमांड होमच्या अधीक्षकबाईंनी बाल न्यायालयासाठी अहवाल लिहायचं कामही माझ्याकडेच दिलं. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जमेल," म्हणाल्या.

बारा-तेरा वर्षांची ती मुलगी बडनेरा स्टेशनवर विनातिकीट सापडली होती. परकराच्या नेफ्यात चिलीम आणि गांजाची पुडी. कपड्यांना उग्र वास. आल्यापासून दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून झोपून असायची.

"गांजा ओढतेस का?" मी विचारलं. तिने तोंड वळवलं नाही.

"कधीपासून?" घरचं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माय अकोल्याले जिनात जाते."

मी लिहून टाकलं : व्यसन जडलेले आहे, घरी पाठवणे अयोग्य, दूरच्या संस्थेत ठेवावे. शनिवारी अहवाल न्यायालयात गेला. सुनावणी मंगळवारी होती.

रविवारी कच्च्या खर्ड्यावरून माझ्या वहीत त्याची नक्कल करताना 'पालकांची भेट' या रकान्याशी आले. तिथे मी नुसती आडवी रेघ मारली होती. जेवण जाईना. सोमवारी सकाळी अकोल्याची गाडी पकडली.

सरकी काढायच्या दोन कारखान्यांच्या, म्हणजे तिथल्या जिनांच्या, फाटकांवर विचारत फिरले. दुसऱ्या ठिकाणी दुपारच्या सुट्टीत एक बाई धावतच आली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू.

"माही पोरगी? जित्ती हाय ना बाई?"

"आहे, सुखरूप आहे," मी म्हणाले. ती मटकन खाली बसली. मग चिलीम-पुडीचं सांगितलं, तशी ती म्हणाली,

"थे तिच्या बापाची हाय. तो ओढते अन् मले मारते. त्या दिवशी सकाळी म्हने, माय, मी हे दूर नेऊन फेकूनच देतो. मले वाटलं, बोलून राह्यली असंन. संध्याकाळी घरी येऊन पाहतो त चिलीमबी नाई अन् पोरगीबी नाई."

परतीच्या गाडीने तिला घेऊन रिमांड होममध्ये आले.

मायलेकी एकमेकींना बिलगल्या. मायने पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पुन्हा जवळ घेतलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं त बाले पोलिसानं नेलं असतं," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून, "अन् तुमी इचारलं, ओढतेस का. कोनाची हाय, हे त इचारलंच नाई."

"मग फेकली का नाहीस?"

"गाडीत लोक होते. फेकाले भेटलंच नाई."

मंगळवारी न्यायालय उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. मॅजिस्ट्रेट वयस्कर होते. माझा अहवाल त्यांच्या टेबलावर फायलीत तसाच होता. मी चूक सांगितली. आता रागावतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला.

"अजून वाचला नाही मी. दुसरा लिहून आणा. घाई नाही."

व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिला. अक्षर वाकडंतिकडं आलं. दुपारी मुलीला आईच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला.

पुढे अकोल्याला गेले की मी त्यांच्याकडे जायची. बापाने गांजा सोडला, पुन्हा धरला, मग पुन्हा सोडला. मुलगी मावशीकडे राहून सातवी पास झाली.

पण त्या मंगळवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. खोलीवर आले, स्टोव्ह पेटवला, पिठलं केलं, आणि तव्यावरून उतरेल ती भाकरी उभ्याउभ्याच खात सुटले. शेजारच्या काकू दारातून बघून म्हणाल्या, "बाई, बसून त खा." तेव्हा कुठे पाट घेतला.