नीलम्माच्या वाटेतले काटे

त्या गुरुवारी सायकल आली, पण तिच्यावर नीलम्मा नव्हती. तिचा थोरला भाऊ बीदरहून आमच्या गावापर्यंत ती हाताने ढकलत आला होता. आम्ही बायका देवळाच्या ओवरीत पाट्या घेऊन बसलेल्या. घंटी वाजली नाही, नुसता मुरूम करकरला, म्हणून मान वर केली... त्याने सायकल खांबाला टेकवली आणि म्हणाला, "छातीत ताप भरला. परवा गेली." मग कॅरिअरवरचं खडूचं पुडकं आणि एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "हे अक्काला पोचतं करा म्हणाली होती." अक्का म्हणजे मीच. पाणीसुद्धा प्याला नाही, तसाच सायकल ढकलत माघारी फिरला.

त्याला आता सहा आठवडे झाले. मी शाळेची पायरी चढलेली बाई नाही. आम्ही मेंढरांमागची माणसं. केस पांढरे झाल्यावर नीलम्माने मला 'क' शिकवला, पुढचं मी किराणा बांधून आलेल्या कागदांवरून माझी मीच शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिते, गोड मानून घ्या. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर एक माणूस लगेच ओळखू येईल, आणि मला त्याला आधी ऐकवायचंय. ओळखायचं काम लोक मागाहून करतील.

सायकल नीलम्माच्या नवऱ्याची. रझाकारांच्या गडबडीत तो हैदराबादला गेला तो परत आलाच नाही, सायकल तेवढी भिंतीला टेकून राहिली. गडबड निवळल्यावर नीलम्मा बीदरला मुलींच्या शाळेत बाई झाली. शाळा सकाळची. दुपारी ती सोमवारी जनवाड्याला आणि गुरुवारी कमठाण्यावरून आमच्याकडे यायची, बायकांना लिहायला शिकवायला. इरकली लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, मागे पाट्यांचं गाठोडं. पहिल्याच दिवशी पारावरचा एकजण म्हणाला, "बाई, गडीमाणसाची सायकल हाय ती, पडशीला!" पाय न टेकवता ती म्हणाली, "तुमी जरा सरका बाजूला, मंग बगू कोण पडतंय."

त्या वाटेवरून मी एकदाच तिच्यामागे बसून बीदरला गेले, डोळे दाखवायला. चाकाखाली लाल मुरूम, कमठाण्याच्या तळ्याच्या बांधावर असा वारा की पदर तोंडात जायचा. जुन्या काळच्या कुणीतरी रचलेले ते दगड, त्यांच्यावर ओळीने बसलेले बगळे. मग चढ, मग नुसता माळ, सीताफळीची झुडपं, आणि एकाएकी लांबवर बीदरचा तट आणि घुमट दिसले. ऊन कलतं होतं, सगळं विटेसारखं लाल झालेलं. मी म्हटलं, "एवढ्या लांबून कामून येतीस गं पोरी आमच्यासाठी?" ती हसली. "तुमच्यासाठी येते वाटायलंय व्हय अक्का तुमाला? मी हे बगायला येते. तुमचं गाव आपलं मधी लागतंय."

दुसऱ्या वर्षापासून दर गुरुवारी काटा घुसून चाक बसायला लागलं. जागा ठरलेली, तळ्याचा उतार संपून आमची शीव लागते तिथे. मग ती सायकल ढकलत, घामाने भिजून यायची. काटा काढायचं काम माझं. मेंढरांच्या खुरातून काटे काढण्यात माझा जन्म गेला, चिमटा कायम कनवटीला असतो.

"बाभळीचा हाय का, अक्का?"

"बाभळीचा पांढरा असतोय, जोडीनं असतोय. ह्यो बग, हिरवट, जाड, एकटा. हिंगणाचा हाय."

"मंग?"

"त्या वाटंवर हिंगण हाय कुटं? ह्या गावात एकाच्याच मळ्याला हिंगणाचं कुंपण—"

तिने खडूने माखलेला हात माझ्या तोंडावर ठेवला. "नाव घेऊ नका. मला त्याच्याच दारावरून जायचं हाय. कळलं तर माजा पाय पॅडलवर थरथरंल. शब्द द्या मला." मी दिला. काटा तिने पंक्चरच्या सामानाच्या डब्यात टाकला. त्यानंतरचा प्रत्येक काटा त्याच डब्यात गेला.

त्या मळेवाल्याला गाव अप्पा म्हणतं, मीही तेवढंच म्हणते. निजामाच्या राज्यात सगळं दफ्तर उर्दूत. गावात उर्दू येणारा हा एकटाच, त्यामुळे कागदात काय आहे ते हा सांगेल तेच खरं. आता कागद मराठीत, कानडीत यायला लागले आणि ती अक्षरं ह्याला येत नाहीत. त्यात आमच्या बायका अंगठा पुढे करायच्या आधी "वाचून बगते" म्हणायला लागल्या. झालं... एवढ्याच कारणासाठी काटे.

तिसऱ्या वर्षी काटे उताराच्या पायथ्याला नव्हते, मध्यावर होते. पुढचं चाक बसलं आणि नीलम्मा दगडावर पडली. उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं बसलं ते वाकडंच राहिलं. तीन महिने वर्ग बंद. आम्ही चौदाजणी होतो, परत सहाच आल्या. बाकीच्या आजही अंगठाच देतात. त्या मनगटाने नीलम्मा फळ्यावर लिहायची तर अक्षरं डावीकडे कलायची. आम्हाला वाटायचं अक्षर असंच असतं. माझा 'क' अजून तसाच कललेला आहे, आणि मी तो सरळ करणार नाही.

नीलम्मा गेल्यावर चावडीत शोकसभा झाली. अप्पा पहिला उठला. उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "आमच्या गावात उजेड केला त्या लेकीनं. तिच्या वाटंतले काटे आमी आमच्या हातानं काढले."

मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला, खांदे हलत होते. शेजारणीला वाटलं मी रडतेय, ती पाठीवरून हात फिरवायला लागली. तिथेच ठरवलं. शब्द मी नीलम्माला दिला होता, ह्याला नाही. ती गेली, आता त्या दारावरून तिला जायचं नाही. माझं तोंड मोकळं झालं.

वाचकांना वाटेल, म्हातारी चावडीत का बोलली नाही. बोलले असते तर चारजणांनी मला हाताला धरून घरी पोचवलं असतं, दुःखाने भ्रमिष्ट झाली म्हणाले असते. छापलेल्या अक्षराला हाताला धरता येत नाही. आणि अप्पाच्या घरी हे वर्तमानपत्र येतं. मोठेपणासाठी घेतो. रविवारी सकाळी ओट्यावर चार माणसं जमवून चहा पितो आणि सूनबाई आतल्या दाराशी उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवते. सून शिकलेली म्हणून त्याला कोण अभिमान! ती कुठे शिकली हे त्याने कधी विचारलं नाही. वर्गाला तर तिला तो पाठवत नव्हता. ओढ्यावर, धुण्याच्या दगडावर, ओल्या बोटाने मी शिकवलं तिला. पुण्य म्हणून नाही शिकवलं. अशा एका रविवारसाठी शिकवलं.

आता आपलं हैदराबाद राज्य मोडणार म्हणतात, जिल्हे वाटून घेणार. घ्या. ती वाट कुणाच्याही वाटणीला गेली तरी मला तिच्यावर सायकलच दिसते. खडूचं पुडकं आम्ही सहाजणींनी वापरायला काढलंय, गुरुवार चुकवलेला नाही. डबा माझ्या कोनाड्यात आहे. हलवला की खुळखुळतो, तिची घंटी लांबून ऐकू यायची तसा.

पोरी, वाचता वाचता तुझा आवाज अडखळला असेल. अडखळू दे, पण थांबू नको. सासऱ्याकडे बघू नको, कागदाकडे बघ. समोर बसलेल्यांना नीट ऐकू जाईल असं वाच: अप्पा, तुमच्या कुंपणाचे काटे माझ्याकडे आहेत. गुरुवारी दुपारी ओवरीत या आणि घेऊन जा. पोच लिहून द्यावी लागेल. अंगठा चालणार नाही.