एका घरात दोन चुली

ओतूरला माझा लग्नपत्रिका छापायचा धंदा. जुना कॉम्प्युटर बसला आणि नव्यावर आमचं जुनं सॉफ्टवेअर चालेना. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कुऱ्हाडे’ आडनावाचा पार भुगा व्हायचा. लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरदेवाचा बाप माझ्या दारात बसलेला.

दुरुस्तीला मंचरहून एक बाई आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कलिंगड पारखावं तशी नव्या डब्यावर टिचकी मारली, जुन्यातली डिस्क काढून त्याला जोडली आणि गुणगुणत कामाला लागल्या. थोड्या वेळानं पडद्यावर एक चौकोन उघडला. त्यात आमचा अख्खा जुना कॉम्प्युटर, हिरव्या टेकडीच्या चित्रासकट.

"म्हाताऱ्याला नव्या घरात आणलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "चूल तेवढी येगळी मांडून दिली. आता भांडाण न्हाई. मधी एक खिडकी ठेवलीय, फायली द्यायाघ्यायाला."

‘कुऱ्हाडे’ नीट छापलं गेलं.

आमच्या घरी आई आणि बायकोची स्वयंपाकघरावरून वर्षभर धुसफूस चाललेली. त्याच आठवड्यात मी माडीवर आईला वेगळी शेगडी बसवून दिली.

काल बायको कालवणाची वाटी घेऊन जिना चढली. आईनं वाटी रिकामी परत पाठवली नाही.