एक दिवस उशिरा आलेला चार्जर

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे किल्लीदार म्हणत. तसं काही पद नव्हतं. कागदोपत्री तो साधा फायरमनच होता, गाडीवर जायचा, चारचौघांसारखा धूर खायचा. पण साहित्याच्या खोलीच्या चाव्या सतरा वर्षं त्याच्या कमरेला होत्या आणि नवा दोर हवा असेल तर जुना दाखवल्याशिवाय तो देत नसे. घरीही तीच तऱ्हा. पाहुण्यांसाठी आणलेल्या कपांतून पाहुण्यांनीही कधी चहा प्यायलेला नाही, असं त्याची बायको सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

अशा माणसाच्या ताब्यात थर्मल कॅमेरा आला. मोठ्या टॉर्चएवढं यंत्र, मागे तळव्याएवढा पडदा. धुरात जिथे स्वतःचा हात दिसत नाही तिथे हा उष्णता बघतो. गरम ते पांढरं, गार ते काळं. कोपऱ्यात पडलेला माणूस दिसतो, आतून धुमसणारी भिंत दिसते, परतीचं दार दिसतं. किल्लीदाराने माहितीपुस्तक दोनदा वाचलं, कॅमेरा मऊ फडक्यात गुंडाळला आणि पोलादी कपाटात ठेवून वर कुलूप घातलं. चांगली वस्तू दहा हातांत गेली की तिचं काय होतं, हे त्याने नोकरीभर पाहिलं होतं. पण पोरं ऐकेनात. रोज कोणी ना कोणी कॅमेरा मागायला यायचं. शेवटी त्याने ठोकून दिलं की चार्जर अजून यायचा आहे.

चार्जर त्याच खोक्यात होता. थाप मात्र आठ महिने पचली.

मग एका दुपारी शिवणकामाच्या कारखान्याला आग लागली. गाडीत चढताना किल्लीदाराला कॅमेऱ्याची आठवण झाली होती. पाणी उडेल, काजळी बसेल, एवढ्याशा आगीसाठी कशाला काढायचा, असं मनात आलं आणि तो तसाच चढला. कारखान्याच्या माळ्यावर लाकडी फळ्यांची जमीन होती. पुढे लंबू होता. लंबू म्हणजे त्याचा बारा वर्षांचा जोडीदार. उंची अशी की केंद्रातल्या प्रत्येक चौकटीने त्याला एकदा तरी प्रसाद दिलेला. रीतीप्रमाणे लंबू कुऱ्हाडीच्या दांड्याने जमीन ठोकत, अंदाज घेत निघाला. आवाज भरीव येत होता. फळ्या मात्र खालून जळत आल्या होत्या. चौथ्या पावलाला तो जमिनीसकट खाली गेला.

लंबू वाचला. कंबर आणि उजवा पाय कामातून गेले. चौकशीत जुनी इमारत आणि कमकुवत जमीन असं कारण निघालं आणि फाईल बंद झाली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किल्लीदाराने कपाटाचं कुलूप काढलं, कॅमेरा गाडीवर ठेवला आणि चार्जर आल्याचं सगळ्यांना सांगितलं.

पुढे लंबूला नियंत्रण कक्षात फोन आणि वायरलेस सांभाळायला बसवलं. तो रडत बसणारा नव्हता. उलट आपल्या नशिबाची गोष्टच त्याने करून टाकली. कोणीही नवीन आला की तो ऐकवायचा, आठ महिने चार्जर येत नव्हता आणि आला तो मी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. एक दिवस आधी आला असता तर आज मी तुझ्या डोक्यावर उभा असतो. सगळे हसायचे. किल्लीदार त्या वेळी पाणी प्यायला उठायचा.

तो लंबूला रोज स्कूटरवर आणायचा, घरी सोडायचा, जिन्यावर हात द्यायचा. लंबूची बायको म्हणायची, "भावजी, सख्खा भाऊ करणार नाही एवढं तुम्ही करता." ते ऐकलं की किल्लीदार चहाचा कप तसाच खाली ठेवायचा. त्याला लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटायची. खरं सांगितलं तर हे घर आपल्याला बंद होईल, याची भीती.

चार वर्षं अशी गेली. कॅमेरा कसा वापरायचा ते आता तोच शिकवायचा. काचेवर भरवसा ठेवू नका, हे पहिलं सांगायचा, कारण काचेपलीकडचं या यंत्राला दिसत नाही. त्यात आपलीच आकृती उमटते. एका पठ्ठ्याने सरावात आरशातल्या स्वतःलाच वाचवायला धाव घेतली होती.

गेल्या महिन्यात सकाळी फर्निचरच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्याच्या दारातच किल्लीदार गुडघ्यांवर बसला आणि त्याने कॅमेरा जमिनीवरून फिरवला. फळ्यांच्या सांध्यांतून पांढऱ्या रेघा दिसत होत्या आणि मधोमध एक भला मोठा पांढरा डाग. आत शिरायला निघालेल्या दोघा पोरांना त्याने मागे ओढलं. त्यांनी बाहेरून शिडी लावून खिडकीतून पाणी मारलं. दहा मिनिटांत मधली जमीन खाली बसली.

केंद्रात परतल्यावर पाठ थोपटणाऱ्यांची रांग लागली. लंबू तर भलताच खूश होता. त्या दोघांना समोर बसवून त्याने आपली गोष्ट काढली. एक दिवस आधी आला असता तर, इथपर्यंत तो आला. किल्लीदार पाणी प्यायला उठला नाही. त्या दोघांना त्याने बाहेर जायला सांगितलं आणि दार लावलं.

"चार्जर पहिल्यापासून खोक्यात होता," तो म्हणाला. "कॅमेरा खराब होईल म्हणून मी खोटं बोललो होतो."

लंबूने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग त्याने विचारलं, "कुलूप दुसऱ्याच दिवशी काढलंस ना?"

"हो."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं." तो थांबला. "आणि मला वाटायचं, तू मला रोज आणतोस ती दोस्ती आहे."

"तीही आहे," किल्लीदार म्हणाला.

रात्री पाळी संपल्यावर लंबू कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. पुढे केलेला हात त्याने घेतला नाही. स्कूटरवर मात्र बसला, कारण शेवटची बस गेली होती. घरापाशी तो खाली उतरला, काठी नीट टेकवली आणि दाराकडे चालू लागला. दोन पावलांवर थांबला.

"उद्या मी बसने येईन," तो मागे न बघता म्हणाला. "परवा ये."