खोडलेली ओळ

सूर्यमाळचे गुरुजी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर एकसष्ट टक्के झाले होते. एका शाळेचा संगणक दुकानात आला होता आणि मी त्यात नवी सिस्टीम टाकत बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा होता. "दादा, बाबा गेलं. पहाटंला. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि काउंटरवरच्या वहीत पेनानं वेळ लिहून पुढे ६१ असा आकडा टाकला. आकडा टाकल्यावर लक्षात आलं, की दर वेळी टक्के लिहून ठेवायची ही सवय मला त्यांनीच लावलेली. मग मशीन तसंच चालू ठेवून शटर ओढलं आणि सूर्यमाळला जायला मोखाड्याची गाडी पकडली.

माझं दुकान जव्हारला, एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला. संगणक आणि प्रिंटर दुरुस्त करतो. स्वभावानं मी उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं माझी बायको अजूनही चारचौघांत म्हणते. धंद्यातही तसंच. मशीन हळू चाललं, फॉरमॅट. आवाज करायला लागलं, फॉरमॅट. सगळं पुसायचं, नवी सिस्टीम टाकायची आणि गिऱ्हाइकाला पाठवून द्यायचं, हे माझं रामबाण औषध. सहा-सात वर्षांपूर्वी, चैत्रातल्या उन्हाच्या दिवसांत गुरुजी पहिल्यांदा दुकानात आले, ते गोधडीत गुंडाळलेला संगणकाचा भला मोठा कॅबिनेट छातीशी धरून. सूर्यमाळहून जव्हारपर्यंत तो त्यांनी मांडीवरच ठेवला होता. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला पेन्सिल, आणि त्याच खिशात खोडरबर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तरी हा माणूस आत्ता वर्गातून उठून आलाय असं वाटायचं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. "अर्धाच दे," ते म्हणाले. पुढे सगळी वर्षं अर्धाच. मे महिन्यात वरच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन किती लांब जातात ते ठाऊक असलेला माणूस ग्लासात पाणी उरू देत नाही, एवढंच त्यामागे होतं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

मशीन सुरूच होत नव्हतं. निळा पडदा यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मी नेहमीप्रमाणे विचारलं, आत काही महत्त्वाचं आहे का? गुरुजींनी स्टूल ओढलं आणि शांतपणे सांगायला लागले. पहिलीत येणाऱ्या पोराला घरची बोली येते, शाळेची मराठी येत नाही. पुस्तकात नाचणीचं चित्र असतं, खाली 'नाचणी' लिहिलेलं असतं. सकाळी तिचीच, घरच्या बोलीतल्या नागलीची, भाकर खाऊन आलेलं पोर त्या चित्राकडे बघत गप्प बसतं, आणि वर्गावर नवा असलेला मास्तर समजतो की ते मठ्ठ आहे. म्हणून गुरुजींनी नोकरीची शेवटची वर्षं आणि नंतरची दोन, पाड्यापाड्यावर बसून शब्द गोळा केले होते. एका बाजूला पुस्तकातला शब्द, दुसऱ्या बाजूला घरचा, आणि जोडीला म्हाताऱ्या बायांच्या आवाजात तो शब्द वापरलेलं एखादं वाक्य. अकरा वर्षांचं काम होतं. सीडीवर घेतलेल्या प्रतींना पावसाळ्यात बुरशी आली होती. आता सगळं या एका मशीनमध्ये, डी ड्राइव्हला होतं. जूनमध्ये दोन नव्या शिक्षिका येणार होत्या आणि त्यांच्या हातात ते द्यायचं होतं.

"डीला मी हात लावत नाही," मी म्हणालो. "फक्त सिस्टीमचा सी पुसतो."

आणि मग हातानं रोजचं काम केलं. नवी सिस्टीम टाकणाऱ्या सेटअपमध्ये डिस्कच्या विभागांची यादी आली, आणि दिवसाला चार-चार मशीन पुसणारी माझी बोटं यादीतला पहिला विभाग उडवून थांबली नाहीत, दुसराही उडवून गेली. पडद्यावर एकच ओळ उरली, मोकळी जागा. सीबरोबर डीही गेला होता. गुरुजी शेजारीच बसून एका शाळकरी वहीत काहीतरी टिपत होते. मी मान वर केली नाही. इंग्रजी पडद्यावरचं त्यांना काय कळणार, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या भागात पहिल्याएवढाच नवा सी केला, उरलेल्या जागेला स्पर्श केला नाही आणि सेटअप पुढे ढकलला. दारावरची पाटी काढली तरी आतलं सामान जागेवर असतं. वर दुसरं काही लिहिलं नाही तर डी शोधून परत आणता येतो, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी मशीन नीट चालायला हवं होतं. डिस्क जुन्या रुंद पट्ट्याच्या केबलची, दुकानातल्या नव्या मशीनला ती जोडता येत नव्हती. जोडणारा सुटा भाग नाशिकहून मागवता आला असता, पण मग तो कशाला हवाय हे गुरुजींना सांगावं लागलं असतं... आणि ते मला सांगायचं नव्हतं. लाज वाटत होती. आजही लिहिताना वाटते.

सेटअप तेवीस टक्क्यांवर पडला. फाईल वाचता येत नाही, म्हणाला. मी सेटअपची सीडी फडक्यानं पुसून पुन्हा लावली, एकाहत्तरवर पडला. दुसरी सीडी घातली, चाळीस. दुसऱ्या दिवशी सीडीचा ड्राइव्हच बदलला, तर आठावरच आडवा. डी शोधण्याचं साधन गुपचूप चालवून पाहिलं, तेही मध्येच गोठलं. गुरुजी रोज सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारच्या गाडीनं जायचे, आणि मधला सगळा वेळ स्टुलावर बसून वहीत लिहायचे. मला त्याचा राग यायला लागला होता. चूक माझी होती म्हणून जास्तच. शेवटी मी म्हणालो, "गुरुजी, हार्ड डिस्क मेली. हे आता भंगारात." असं म्हटलं की डी गेल्याचा दोष डिस्कवर जाणार होता. हे मला बोलतानाच कळत होतं.

गुरुजी रागावले नाहीत. वही माझ्याकडे वळवली. "हे बघ. तेवीस, एकाहत्तर, चाळीस, आठ. पोरगं दर वेळी वेगळ्या विषयात नापास होतंय. मंग विषयाचा दोष नाय. पोराला एक तर भूक लागलीय, नाय तर ऐकू येत नाय." चिडले किंवा गुंतले की त्यांच्या बोलण्यात पाडा यायचा. एरवी शुद्ध बालभारती.

मी ते आकडे पुन्हा वाचले. सीडी किंवा डिस्क एका जागी खराब असती तर मशीन साधारण त्याच जागी अडखळलं असतं. दर वेळी वेगळीकडे पडतंय म्हणजे वाचलेलं डोक्यात राहत नाहीये. धंद्यात बारा वर्षं काढलेल्या मला हे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. मी रॅम काढली. बोटभर रुंद हिरवी पट्टी, चालू काम मशीन तिच्यात धरून ठेवतं. तिच्या तळाचे सोनेरी दात पिवळे-लाल झाले होते, आणि ती जिथे बसते त्या खाचेत तांदळाचे दोन दाणे होते.

दर दसऱ्याला गुरुजी विळा, कोयता आणि संगणक एका ओळीत मांडून पूजा करायचे. उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून बाजूचं झाकण त्यांनी कायमचं काढून टाकलं होतं. वरून हळद, कुंकू, अक्षता. सूर्यमाळच्या पावसाळी हवेत ते सगळं आत ओलसर चिकटून बसलं. मी दाणे तळहातावर घेऊन त्यांना दाखवले. "देवाच्या नावानं घातलं," ते म्हणाले, "आणि त्याच्याच घशात अडकलं." मग न मागता खिशातलं खोडरबर काढून माझ्यापुढे धरलं. रॅमचे दात साफ करायला खोडरबरच वापरतात हे त्यांना माहीत नव्हतं. मास्तरांना कुठलीही चूक दिसली की हात त्या खिशात जायचा, एवढंच. मी दात घासले. खोडरबराची एक कड हळदी-कुंकवाची होऊन गेली.

त्या दुपारी त्यांना मी "गाडी चुकेल" म्हणून लवकर पिटाळलं. शोधण्याचं साधन पुन्हा लावलं. या वेळी ते कुठेच थांबलं नाही. चार वाजेपर्यंत डी परत होता, सगळ्या नावांसकट. मग सेटअप लावला, तोही एका दमात शंभरावर गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, मी मशीन चालू करून दिलं. त्यांनी पहिलीच आवाजाची फाईल उघडली. एक म्हातारी नागली कांडण्याबद्दल काहीतरी सांगत होती, मागे कोंबडी ओरडत होती. गुरुजींनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग वही काढली, पहिल्या पानावर काहीतरी खोडलं, फुंकर मारून चुरा उडवला आणि वही पिशवीत ठेवली. एखादा टक्का चुकून लिहिला असेल, असं मला वाटलं. मी काही बोललो नाही. बोलायची ती वेळ होती.

नंतर ते येत राहिले. कधी आवाजाच्या नव्या फाईली घेऊन, कधी नुसतेच गाडीला वेळ आहे म्हणून. त्या दोन शिक्षिकांपैकी एकीची बदली झाली, दुसरी अजून तिथे आहे आणि तिच्या वर्गात नाचणीच्या चित्राखाली 'नागली'ही लिहिलेलं आहे. मी कानाला खडा लावला. आता दुधानं पोळलेल्यासारखा ताकही फुंकून पितो. आधी प्रत काढतो, मग मशीनला हात लावतो. एकदा मी त्यांना विचारलं होतं, की तुम्ही पोरांना पेन का देत नाही, पाचवीपर्यंत पेन्सिलच का? ते म्हणाले, "पोरानं उत्तर बरोबर काढलं की चूक मी माझ्या हातानं खोडतो. लाल रेघ मारून ठेवली तर बापाला दिसते. पोराला कळली ना, मंग वहीत कशाला ठेवायची?" हाडाचा शिक्षक आहे, असं मी मनात म्हटलं आणि समोरचा स्क्रू फिरवत राहिलो.

गुरुजींना जाऊन महिना झाल्यावर सुनंदा दुकानात आली. ती तिकडेच अंगणवाडीवर असते. संगणक तिनं शाळेला दिलाय. आता बाजूला झाकण आहे आणि पूजा समोरून होते, असं तिनं मुद्दाम सांगितलं. मग पिशवीतून ती शाळकरी वही काढली. "वर तुमचं नाव लिवलंय. तुमचीच आसंल म्हणून आणली." कव्हरवर खरंच पेन्सिलीनं 'नितीन, जव्हार' असं होतं, जसं विद्यार्थ्याच्या वहीवर असतं.

पहिल्या पानावर तारीख, वार, गाडी किती वाजता पोचली ते. तिसऱ्या ओळीपासून तेवीस, एकाहत्तर, चाळीस, आठ. मधली दुसरी ओळ रिकामी होती, आणि त्या जागी कागद थोडा खरवडलेला, पिवळट-लाल. मी वही दाराच्या उजेडात तिरकी धरली. गुरुजी पेन्सिल दाबून लिहायचे. ठसा उरला होता. 'सी नाही. डी नाही. सगळी मोकळी जागा. नितीनला कळले आहे. विचारू नये.'

चार दिवस तो माणूस माझ्या शेजारी अकरा वर्षांचं काम गेलं हे माहीत असून बसला होता, अर्धा ग्लास पाणी पीत.

मी सुनंदाला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. बोटं कशी गेली, मी कसा गप्प बसलो, डिस्कवर दोष ढकलायला कसा निघालो होतो. तिनं वही हातात घेऊन ती पिवळट जागा पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि वही मिटून मला परत दिली.

"बाबांनी खोडलंय ना," ती म्हणाली. "मंग ऱ्हाऊ द्या."

ती गाडीला गेली. काउंटरवर एक मशीन पस्तीस टक्क्यांवर अडकलं होतं. मी माझी वही उघडली, पेन बाजूला ठेवलं आणि खणात पेन्सिल शोधायला लागलो.