गुडघ्यानं ऐकणारा मामा

सैलेसी चिंबालांगाच्या घरात हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलायचे. निदान त्याची तरी तशी खात्री होती. बहीण एनिफा आणि धाकटा भाऊ जैलोसी आंब्याखाली बसून काहीतरी डाव शिजवायचे आणि हा जवळ गेला की चिडीचूप. मग एनिफा उगीचच मक्याच्या आंबूस-गोड थोब्याचा पेला पुढे करायची. सैलेसी तो आधी संशयानं हुंगून मगच प्यायचा.

डेड्झाच्या बाजारात त्याची मक्याची गिरणी होती. सव्वीस वर्षं डिझेलच्या इंजिनाला खेटून उभा राहिलेला गडी. पाय अनवाणी, तळहात पत्र्यावर. जाळीत खडा अडकला तर गिऱ्हाइकांना खडखडाट ऐकू यायच्या आधी ह्याच्या तळपायाला कळायचं.

धाकटी भाची चिफुनिरो हिचं लग्न जमत होतं. मुलीचा मामा कोंबडी घेऊन बसणार, मुलाचा मामा कोंबडा. बोलणी झाली, कोंबड्या बदलल्या, की लग्न पक्कं. पण मागल्या साली थोरलीच्या बैठकीत घोळ झाला होता. समोरचा मामा खूप वेळ काहीबाही बोलला, सैलेसीनं मोठ्या पोक्तपणानं मान डोलावली, आणि उठल्यावर कळलं की रीतीप्रमाणे जावई इथं राहायला यायच्या ऐवजी पोरीला तिकडे दूर झोंबा शहरात धाडायचं हा कबूल करून बसलाय. पोर गेली. एनिफानं तीन दिवस चूल पेटवली नाही. सैलेसीचं म्हणणं एकच : जैलोसीनंच त्या लोकांना हळू बोलायला पढवलं होतं.

"दादा, दवाखान्यात कानांची गाडी आलीय. दाखवून ये," जैलोसी एक दिवस ओरडला.

"बोंबलतोस कशाला? बहिरा आहे का मी?"

"आता काय करावं! हळू बोललो की म्हणतोस कुजबुजतो."

सैलेसीनं डाव ओळखला. बहिरा असा शिक्का मारलेला कागद पाहिजे होता ह्यांना, म्हणजे कोंबडी जैलोसीच्या काखेत. पण गेलो नाही तर घाबरला म्हणतील. तो गेला, पण हरायचं नाही असं ठरवूनच.

गाडीतली तपासणारी ताडाला नावाची बाई होती, तिशीतली. तिनं कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, मामा. अगदी हळू आला तरी."

समोरच्या काचेत तिचं कोपर दिसत होतं. कोपर हललं की सैलेसी दाबायचा. चार-पाच वेळा झालं आणि बाईनं त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानंतर मात्र बटण बराच वेळ गप्प राहिलं.

मग तिनं कानामागच्या हाडावर एक छोटं ठोकळ्यासारखं यंत्र बसवलं. आवाज नव्हताच, पण कातडीला बारीकशी थरथर लागली. ही तर ओळखीची! सैलेसीनं दाबलं. पुन्हा थरथर, पुन्हा दाबलं. एकही सोडली नाही. मनात म्हणाला, लिही आता काय लिहायचं ते.

ताडाला कागदाकडे बघत राहिली. हेडफोनमधून जाड आवाजही धड न ऐकणारा माणूस हाडातून ते इतके छान कसा ऐकतो? हे खरं धरलं तर बिघाड मधल्या कानात, ह्याला लिलाँग्वेला ऑपरेशनला धाडायला हवं. तिला ते पटेना.

"मामा, हे जरा गुडघ्यावर धरा."

"गुडघ्यावर? मी कान दाखवायला आलोय, बाई."

"धरा तर खरं."

त्यानं धरलं. थरथर झाली आणि सवयीनं अंगठा खाली गेला. पुन्हा गेला.

"गुडघ्याला झकास ऐकू येतं हो तुमच्या," ताडाला म्हणाली. "काम काय करता?"

"गिरणी," तो पडेल आवाजात म्हणाला. मग एकदम उसळला. "जैलोसीनं काय दिलंय तुला?"

"कोण जैलोसी?"

"असंच म्हणणार तू."

आणि रागाच्या भरात त्यानं सगळं ओकलं. कोंबडी, झोंबाला गेलेली पोर, आंब्याखालची खलबतं. ताडालानं कागद त्याच्याकडे वळवला. "जाड आवाज थोडे येतात तुम्हाला, म्हणून कुणी बोलतंय एवढं कळतं. बारीक आवाज गेलेत, आणि शब्द सुटा होतो तो त्यांच्यामुळे. इंजिनानं खाल्लेत ते. घरचे कुजबुजत नसतीलही कदाचित."

"कदाचित म्हणालीस."

"तुमच्या घरचं मला काय ठाऊक?"

तिच्या तोंडचं त्याला पटलेलं हे पहिलं वाक्य. कागद तिनं त्याच्याच हातात दिला आणि कानामागे बसणारं मशीन उजव्या कानाला लावून दिलं. "समजलं नाही तर मान हलवू नका. परत विचारा."

"मामा परत विचारत नसतो. हलका पडतो माणूस."

"मग पाठवा धाकटीलाही झोंबाला."

घरी तो कानटोपी ओढून गेला. कुणाला काही सांगितलं नाही. झाडूचा, भांड्यांचा, पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचा आवाज डोक्यात घुसत होता. तो अंगणात टेकला; चार हातांवर एनिफा शेंगा सोलत होती, शेजारी जैलोसी.

"दादानं पुन्हा मुंडी हलवली तर?"

"म्हणून तर म्हणते, कोंबडी तू धर."

म्हणजे डाव खराच होता! सैलेसीला क्षणभर बरंच वाटलं. मग ध्यानात आलं, की ती दोघं कुजबुजत नव्हतीच. नेहमीच्या आवाजात, त्याच्यासमोर बोलत होती. शेजारी खुंटा रोवलेला असावा तशी. किती वर्षं? तो उठून गिरणीत गेला, आणि त्या दिवशी इंजिन चालू असताना पहिल्यांदा त्यानं मशीन काढून कानांत कापूस घातला.

बैठकीला कोंबडी काखेत मारून तो सगळ्यांच्या आधी चटईवर जाऊन बसला. जैलोसीला बोलायला जागाच ठेवली नाही. पण कोंबडी नेमकी उजव्या काखेत. तिचं कॉक कॉक मशीनमधून असं गडगडायला लागलं की समोरच्या मामाचे नुसते ओठच हलताना दिसत होते! समोरच्याचं बोलून संपलं. सगळे सैलेसीच्या मानेकडे बघायला लागले. एनिफानं अंगावरच्या कापडाचं टोक दातांत धरलं.

सैलेसीनं कोंबडी काढून जैलोसीच्या मांडीवर ठेवली. चटईवर चुळबुळ झाली.

"दादा, म्हणजे मी बोलू?"

"तू फक्त तिची चोच धर," सैलेसी म्हणाला. कानटोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली. मशीन सगळ्यांना दिसलं. मग समोरच्याकडे वळला. "परत सांगा, पाव्हणं. पहिल्यापासून."

समोरचा मामा गोंधळला. त्यानं सांगितलं. सैलेसीनं आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा तो पुतळा होऊन ऐकत राहिला, मान तसूभर हलली नाही.

"नाही," तो म्हणाला. "पोर झोंबाला जाणार नाही. पोरगा इथं येईल, घर ह्या आवारात बांधेल. कबूल असेल तर कोंबडा पुढे करा."

पलीकडे चार डोकी एकत्र आली. आता ही मात्र खरी कुजबुज होती. सैलेसी उजवा कान तिकडे करून, डोळे बारीक करून पुढे वाकला.

थोड्या वेळानं कोंबडा पुढे आला. सैलेसीनं तो घेतला आणि कोंबडी द्यायच्या आधी दोन्ही पंख उलटून, पाय दाबून तपासला.