आमचा कुत्रा आणि काकूंचा औदुंबर

आमच्या आणि काकूंच्या घरांच्या मध्ये भिंत नव्हती. वडील आणि काका दोघंही जबलपूरच्या एकाच कारखान्यात नोकरीला लागले, त्यातल्या एकाच शॉपमधून, म्हणजे विभागातून, रिटायर झाले आणि मधल्या काळात त्यांनी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. काका म्हणजे वडिलांचे मित्र, रक्ताचं नातं काही नाही. घरं बांधताना मधली भिंत घालायचीच नाही असं दोघांनी ठरवलं. विटा वाचल्या, असं वडील सांगायचे. आई म्हणायची, विटा कसल्या, एकमेकांना चहाला हाका मारायला बरं पडतं म्हणून.

काकांची जागा मोठी होती. घरामागे लांबवर मोकळं अंगण, मधोमध औदुंबर, त्याच्या बुडाशी दत्ताच्या पादुका. पलीकडच्या टोकाला एक दगडी बाक. काकू रोज सकाळी अनवाणी औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या. काका बाकावर बसून पेपर वाचायचे. काका गेले, पेपर बंद झाला, प्रदक्षिणा चालू राहिल्या.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे आई गेल्यावर घर, वडील आणि कुत्रा हे तिन्ही आपसूक माझ्याकडे आले. कुत्रा बदामी रंगाचा, गल्लीतलाच. एका थंडीत तो वडिलांच्या मागे मागे घरात शिरला आणि पुन्हा बाहेर जायचं नावच घेईना. वडील त्याला ‘भाई’ म्हणत आणि त्याच्याशी हिंदीत बोलत. आमच्याशी मराठी, कुत्र्याशी हिंदी. कारखान्यात हाताखालच्या लोकांशी बोलायचे ना, तीच भाषा, तोच आवाज.

काका गेले त्याच साली वडिलांना लकवा मारला. डावा हात गेला, पाय ओढत चालायचे, आणि बोलणं फारच बिघडलं. माझं नाव घ्यायला जायचे आणि तोंडातून भलतंच काहीतरी निघायचं. मग स्वतःवरच चिडून गप्प बसायचे. एकच शब्द मात्र लख्ख यायचा, ‘चलो’. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना चालतं ठेवा. चालणं थांबलं की हे खाटेला लागतील, आणि या वयात खाटेला लागलेला माणूस उठत नाही. एवढंच माझ्या हातात होतं, वडिलांना चालतं ठेवणं. बाकी सगळं होऊन गेलं होतं.

रस्त्यावर चालवणं शक्यच नव्हतं. रिछाईकडे जाणारे ट्रक दारावरून जातात, आणि हॉर्न वाजला की वडील होते तिथे खांबासारखे उभे राहत. तेव्हा उरलं काकूंचं अंगण. पट्टा वडिलांच्या निकामी डाव्या हाताला गुंडाळायचा, उजव्या हातात काठी. कुत्रा पुढे, इतका हळू चाले की हा गल्लीत मोटरसायकलींच्या मागे धावणारा तोच का, असं वाटावं. आमच्या मागच्या दारापासून औदुंबराला वळसा घालून बाकापर्यंत. बाकावर वडील बसत, दम खात. कुत्रा त्यांच्या पायाशी बसे. मी कितीही हाका मारल्या तरी तो हलायचा नाही. वडिलांचा दम परत आला की ते म्हणत, ‘चलो,’ आणि मग तो उठे. काकूंच्या प्रदक्षिणा त्याच वेळी चालू असत. वडील काठी जराशी उचलून त्यांना नमस्कार करत, काकू मान हलवत. दोघांचं तेवढंच बोलणं.

कुत्रा शेवटी कुत्राच. एके दिवशी त्यानं औदुंबरापाशी पाय वर केला.

काकू तरातरा आमच्या स्वयंपाकघरात आल्या. “बाई, तिथं मी अनवाणी फिरते. पादुका आहेत तिथं. काहून आणता त्याला?”

मी बादलीभर पाणी नेऊन जागा धुतली. दुसऱ्यांदा झालं तेव्हाही धुतली. तिसऱ्यांदा काकूंनी वडिलांच्या तोंडावर, “अंगण माझं आहे, सार्वजनिक नाही,” असं म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. वडील काही उत्तर देऊ शकत नव्हते म्हणून जास्तच फिरलं.

“काकू, तुमच्या देवघरातल्या दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत,” मी म्हटलं. “एकाच्याही गळ्यात पट्टा नाही.”

“ते चार वेद आहेत,” काकू म्हणाल्या. “हा तुझा नाक्यावरचा आहे.”

मला हसू आलं असतं, पण राग फार आला होता. त्यांच्या मुलाचा हैदराबादहून फोन आला. हा मुलगा आमच्याच अंगणात वाढलेला. मराठी समजतं, बोलताना हिंदीवर जातो. “दीदी, समझो ना,” तो म्हणाला, “मम्मी अकेली रहती है. कुत्ता बाहर घुमा लो.” मी त्याला म्हटलं, तू एकदा येऊन माझ्या वडिलांना या ट्रकांमधून फिरवून दाखव, मग आपण बोलू. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. शेवटी मीच तडजोड सुचवली. औदुंबरापासून लांबून जायचं, आखूड पट्ट्यानं जायचं, आणि मी शाळेत शिकवायला जायच्या आधी रोज अंगण झाडून द्यायचं. काकूंनी मान्य केलं. आनंदानं नव्हे, पण केलं.

मग पितृपक्ष आला. काका गेल्यानंतरचा पहिलाच.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. काका हॉस्पिटलातच वारले, काकूंशी एक शब्द न बोलता गेले. दहाव्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. काकूंचा मुलगा हात जोडून एकेक आश्वासन देत होता. आईला सांभाळू, घर विकणार नाही, औदुंबर तोडणार नाही. कावळे समोरच्या नावेवर बसून होते, पण एकही आला नाही. ऊन चढलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. त्या दिवसापासून काकूंच्या मनात एकच घोळत होतं. यांचं काहीतरी राहिलं. काय राहिलं ते मला कळलं नाही.

म्हणून पितृपक्षातली तिथी त्यांच्यासाठी फार मोठी होती. आदल्या संध्याकाळी त्या मुद्दाम आल्या आणि या वेळी रागानं बोलल्या नाहीत. “उद्या त्याला आणू नका बरं. उद्याचा दिवस तेवढा.” मी वडिलांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. त्या दिवसांत त्यांच्या मान डोलावण्याचा अर्थ ऐकू आलं एवढाच असायचा.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून मी काकूंकडे वडे तळायला गेले होते. वडील झोपलेले होते. पान वाढलं. भाताची मूद, वरण, तूप, खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. औदुंबराखालच्या दगडावर कावळ्याचं पान ठेवलं आणि आम्ही सगळे मागच्या ओट्यावर उभे राहिलो. गुरुजी, काकूंच्या दोन नणंदा, मी. मुलाला हैदराबादहून येता आलं नव्हतं. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं नाही. आमच्या कॉलनीत आता कावळे राहिलेतच कुठे? झाडं गेली, त्यांच्यामागे तेही गेले. नणंदा “काव, काव” करून दमल्या. काकू पाणीही न पिता उभ्या होत्या.

आणि आला. खरंच आला. वरच्या फांदीवर बसला, मान वाकडी करून पानाकडे पाहिलं, खालच्या फांदीवर उतरला. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून वडील निघाले. नेहमीच्या वाटेनं, काठी टेकत, कुत्रा पुढे. तुपाचा वास लागला आणि वर्षभर त्यांच्या चालीनं चालणाऱ्या त्या प्राण्यानं एकच हिसका दिला. वडिलांनी स्वतःच कसाबसा गुंडाळलेला पट्टा निकामी हातातून सुटला. मी ओरडले, धावले. कावळा उडाला. मी पोचेपर्यंत मूद गेली होती, खीरही चाटून झाली होती, आणि तो शेपटी हलवत माझ्याकडे पाहत होता. वडील मागे उभे होते. काय झालं ते त्यांना कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, “चलो.”

गुरुजी भला माणूस. म्हणाले, श्वानाचाही घास शास्त्रात सांगितलेला आहे, दोष नाही, दुसरं पान मांडू. मीही तेच धरून बसले. “काकू, कुत्र्याचाही घास असतो ना?”

“त्याचा वेगळा काढला होता,” काकू म्हणाल्या. “तिकडं ठेवला आहे पहा. त्यानं यांचा खाल्ला.”

दुसरं पान मांडलं. कावळा परत आला नाही. संध्याकाळी ते पान नर्मदेत सोडायला लागलं.

दिवाळीच्या आधी विटा आल्या. मी काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. विनवलं, भांडले. तुमच्या या भिंतीनं माझे वडील मरतील, असंही म्हणाले. काकू आत बसून होत्या. एवढंच म्हणाल्या, “माझा माणूस उपाशी गेला बाई.” मेलेल्याची भूक आणि जित्याचं चालणं यांत मोठं काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही तितक्याच खात्रीनं सांगितलं असतं, उलटं.

भिंत होत होती तेव्हा वडील रोज मागच्या दारात खुर्ची टाकून बसत. त्यांना वाटलं, मित्राकडे काहीतरी बांधकाम चाललंय. आयुष्यभर मापं तपासलेला माणूस. गवंड्याची एक रांग जराशी बाहेर गेली, तर यांनी काठीनं ठकठक करून त्याला थांबवलं आणि ओळंबा लावायला लावला. गवंड्यानं चूक सुधारली, “सही पकड़े बाबूजी,” म्हणाला. वडील खूश झाले. मी आत जाऊन ओट्यापाशी रडले.

भिंत पुरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन निघाले, भिंतीपर्यंत गेले आणि थांबले. काठीनं भिंत चाचपली. मग माझ्याकडे वळून पाहिलं. मी त्यांना रस्त्यावर नेलं, ते उभेच राहिले. व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, त्यांनी माझा हात झटकला. फिजिओथेरपीचा मुलगा लावला, त्याला त्यांनी काठी दाखवली. कुत्रा रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन पंजानं माती उकरायचा आणि वडील खाटेवरून तो आवाज ऐकायचे. पाय आखडले, मग पाठ सोलली, मग छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले होते अगदी तसंच झालं. थंडी संपायच्या आत ते गेले.

ग्वारीघाटावर आम्ही पिंड ठेवून मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, कशातच मन अडकलं नव्हतं, तृप्त गेला. मला त्या कावळ्याचा राग आला. इच्छा नव्हती? एकच तर होती, आणि ती सांगायला त्या माणसाकडे एक शब्द उरला होता.

तेराव्याला काकू आल्या. भिंतीमुळे त्यांना रस्त्यानं वळसा घालून यावं लागलं. ट्रक जाईपर्यंत त्या फाटकाशी थांबलेल्या मला खिडकीतून दिसल्या, पण मी उठले नाही. आत आल्या, फोटोला फूल वाहिलं, माझ्यासमोर बसल्या.

“कावळा यांच्याकडे लगेच आला म्हणे,” त्या म्हणाल्या.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

“भिंतीत दार पाडून घेऊन राहिली आहे मी. गवंड्याला सांगितलं. झालं की सकाळी त्याला घेऊन येत जा.”

“आता कशाला काकू?” मी म्हटलं. “आता कोणाला चालायचंय?”

त्यांनी पदराचं टोक दुमडलं. “मी तिकडं एकटी फिरून राहिली,” त्या म्हणाल्या. “एकटीनं होत नाही.”

मी त्यांना माफ केलेलं नव्हतं, आजही केलेलं नाही. पण भिंतीत दार झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कुत्र्याला पट्टा बांधला, तो मुख्यतः त्या माती उकरण्याच्या आवाजाला कंटाळून. दारातून आत शिरला आणि तो एकदम हळू झाला. पाय ओढणाऱ्या माणसासाठी चालावं तसा, दर दोन पावलांनी मागे पाहत. औदुंबराला लांबून वळसा घातला. काकू प्रदक्षिणा घालता घालता थांबल्या. तो बाकापाशी गेला, बाकाच्या पायाशी बसला आणि रिकाम्या बाकाकडे पाहू लागला.

मी उभी राहिले. काकूही अनवाणी तशाच उभ्या राहिल्या. ऊन बाकावर आलं, पलीकडच्या रस्त्यावर ट्रक सुरू झाले. मी पट्टा ओढला. हाक मारली. मग, आयुष्यात कधी त्याच्याशी हिंदी बोलले नव्हते, पण म्हटलं, “चलो.”

त्यानं कान टवकारले, माझ्याकडे बघितलं आणि मान पुन्हा बाकाकडे वळवली.

काकू जवळ आल्या. त्यांनीही म्हणून पाहिलं. मग त्या बाकाच्या एका कडेला बसल्या, मी दुसऱ्या. मधली जागा आम्ही दोघींनी मोकळी ठेवली.